रिकामा परतलेला घडा

फार पूर्वी सुप्रतिष्ठ नगरात उदयसेन नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने तिथल्या अमात्यकुळात जन्म घेतला होता आणि वयात आल्यावर तोच राजाचा अमात्य झाला होता. त्याचे नाव सुनेत्र. गोष्ट खरी त्याची. पण ती अगदी जवळून पाहिली सेनापती रोहकाने, म्हणून आपणही रोहकाच्या मागोमाग जाऊ.

उदयसेनाचे राज्य तेव्हा वाढते होते. त्याच्या आजोबांच्या वेळी ते म्हणजे नदीकाठची चार गावे आणि एक मातीची गढी एवढेच होते. बापाने त्यात भर घातली, मुलाने आणखी घातली. वाढते राज्य वाढत्या अंगाच्या मुलासारखे असते. जुने कपडे आखूड होतात आणि जुने सोबती लहान वाटू लागतात. आजूबाजूचे राजे दरबारात येऊन हसतमुखाने बसू लागले. उदयसेन शिंकला तरी त्यांना काळजी वाटे. राजा दुष्ट नव्हता. तो नीटनेटका होता, आणि नीटनेटक्या माणसाच्या हातून कधी कधी दुष्टालाही जमणार नाही असा घोळ होतो.

राज्याच्या उत्तरेला वेतसगिरी नावाचा डोंगर होता. तिथल्या लोकांना राजा नव्हता. त्यांच्यातली सर्वांत जाणती बाई त्यांची माय, आणि तिचा शब्द तोच कायदा. शरद ऋतूत मधाची पोळी उतरली की हे लोक तांब्याचा एक घडा मधाने भरून खाली राजाकडे पाठवीत. ही रीत आजोबांच्या वेळची. ती का पडली, हे राजवाड्यात कुणालाच ठाऊक नव्हते. दरबारात तिला 'डोंगराचा कर' म्हणत. कोठारातली माणसे मध काढून घेत आणि तोच घडा नव्या तांदळाने भरून परत धाडीत, तेही केवळ सवयीने.

एकदा उदयसेनाचे तिकडे लक्ष गेले. "कर देणाऱ्याला आपण तांदूळ कशाला देतो?" त्याने विचारले. कुणाला उत्तर देता येईना. तेव्हा राजा म्हणाला, "मग ते बंद करा. पण गरीब माणसांचा घडा मात्र ठेवून घेऊ नका. चिंचेने घासून, लखलखीत करून त्यांना परत द्या." सगळ्यांनी माना डोलावल्या. राजाचे मन किती मोठे, असे रोहकालाही वाटले.

पुढच्या शरदात मध आला नाही. वेतसगिरीच्या खिंडीत मोठमोठे धोंडे रचून वाट बंद केली आहे, अशी बातमी मात्र आली.

राजाने भर सभेत अमात्याला आणि सेनापतीला बोलावून घेतले. "आज एका डोंगराने कर बुडवला. उद्या सगळे शेजारी बुडवतील," तो म्हणाला. "अमात्य, तुम्ही वर जा. खिंड उघडा, दुप्पट मध द्या, नाहीतर सैन्य येईल, हा माझा निरोप. त्यांना नमवून आलात तर त्या खिंडीची जकात तुमच्या कुळाला पिढ्यान्‌पिढ्या दिली."

"महाराज," सुनेत्र म्हणाला, "आधी ते रागावले कशावर, तेवढे विचारू द्या."

"रागवायला ते काय आपले व्याही आहेत?" राजा म्हणाला. सभेत हशा पिकला. सुनेत्रही थोडा हसला, पण त्याने शब्द परत घेतला नाही.

दूत म्हणून सुनेत्र निघाला आणि सोबती म्हणून रोहक. रोहकाला राजाने वेगळे सांगितले होते: वर जाता जाता वाटा बघून ठेव, घोडी कुठून चढतील, पाणी कुठे आहे, ते हेरून ये. रोहकाला त्यात वावगे वाटले नाही. सेनापतीचे ते कामच होते.

वाटेत डोंगराच्या पायथ्याशी शमीग्राम लागले. ते रोहकाचे गाव. भाताची मळणी चालली होती आणि त्याची म्हातारी आई खळ्यावर सूप घेऊन उभी होती. मुलगा सेनापती झाला म्हणून ती काही सूप खाली ठेवणाऱ्यांतली नव्हती. उफणणी पुरी झाल्यावरच तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. मग नव्या भाताच्या लाह्यांनी भरलेली कापडी थैली तिने त्याच्या कमरेला बांधली.

"थैली परत आण हो," ती म्हणाली. "आणि रिकामी आणू नकोस. रानातली चार बोरं का होईना, घाल तीत."

"आई, मी राजाच्या कामाला चाललोय. बोरं कुठली वेचत बसू?"

"राजाला आई नव्हती का?" म्हातारी म्हणाली आणि पुन्हा सूप उचलून कामाला लागली.

गावातून निघताना रोहकाने सवयीने डोंगराच्या माथ्याकडे पाहून हात जोडले. तिथे डोंगरदिवा होता. शमीग्रामच्या लोकांचा तो देव. उत्तरेच्या माळावरचे घोडेस्वार लुटारू यायचे असले की माथ्यावर दिवसा धुराचा लोट उठे आणि रात्री ज्योत दिसे. मग गाव गुरेढोरे घेऊन नदीतल्या बेटावर जाई. रोहक आईच्या पोटात होता तेव्हा गाव असेच वाचले होते, आणि तो पाळण्यात होता तेव्हाही. देव जागा आहे, एवढेच सगळ्यांना ठाऊक होते. तो कुणाच्या हातांनी जागा राहतो, हे कुणी कधी विचारले नव्हते.

दोघे चढून खिंडीपाशी आले. धोंड्यांच्या राशीत एक उंच बांबू रोवला होता आणि त्याच्या टोकावर तांब्याचा घडा उपडा घातला होता. उन्हात तो असा चमकत होता की डोळे दिपावेत.

"बुजगावणं उभं केलंय," रोहक हसून म्हणाला. "याला आमचे घोडे भिणार होय?"

सुनेत्र हसला नाही. त्याने पायांतल्या वहाणा काढल्या. "सेनापती, हा आपणच परत पाठवलेला घडा आहे," तो म्हणाला. "इतका चकचकीत घडा यांच्यात दुसऱ्या कुणाकडे असणार? शब्दांशिवाय, शस्त्रांशिवाय ही माणसं आपल्याला काहीतरी सांगताहेत, आणि ते आपल्याला वाचता येत नाही."

डोंगरातल्या माणसांनी त्यांना अडवले नाही. धोंड्यांच्या बाजूने एक पायवाट होती, तिने त्यांना वर नेले. तिथे एका सपाट कातळावर त्या लोकांची माय, तुंगामाय, बसली होती. वाळलेल्या खारकेसारखी बारीक, पण डोळे लख्ख. तिने त्यांना पाणी दिले. गूळ दिला नाही. रोहकाने तेही ध्यानात ठेवले आणि जवळचा पाण्याचा झराही.

राजाचा निरोप आता अमात्य सांगणार, म्हणून रोहक ताठ बसला. सुनेत्र म्हणाला, "माय, आमचं काय चुकलं?"

रोहकाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. एवढ्या मोठ्या राज्याचा अमात्य आणि पहिलेच वाक्य हे!

तुंगामायने सुनेत्राकडे वळून पाहिले. "पुसलंस ते बरं झालं," ती म्हणाली. "वरीसभर कुणी पुसाया आलं न्हाई. आमी मध धाडत व्हतो, तो कर म्हून न्हवं रं. शेजार म्हून. तुमच्या थोरल्या म्हाराजाच्या घरात चूल पेटंना, दुस्काळ व्हता, तवा आमच्या मायनं पयला घडा धाडला. त्यानं तोच घडा पुढल्या वरसाला तांदूळ भरून परत केला. तवापासून ह्ये चाललंया. शेजाऱ्याचं भांडं रिकामं धाडत न्हाईत. रिकामं धाडलं तर त्येचा अर्थ येकच, तुमी आमाला मेलात. आन्‌ तुमी तर घासून धाडलंत! आमचा हातसुदिक त्येच्यावर ऱ्हावू दिला न्हाई. आत वाकून बघितलं, तर आमचीच तोंडं दिसली."

रोहकाला आईची थैली कमरेशी जाणवली. हीच रीत त्याच्या गावची होती. शमीग्राममध्ये कुणी शेजारणीची वाटी परत करताना चिमूटभर मीठ तरी घालतेच. ही रीत त्याने आईच्या मांडीवर बसून पाहिली होती आणि राजवाड्याच्या पायऱ्या चढता चढता कुठेतरी सांडली होती. घडा घासून परत द्या, असे राजा म्हणाला तेव्हा सभेत एकटा तोच गावातला होता. बोलायला हवे होते ते त्यानेच. आणि त्याने मान डोलावली होती.

"माय," सुनेत्र म्हणाला, "राजाने माझ्याजवळ एक निरोप दिला आहे. तो मी सांगणार नाही. तो माहीत नसताना दिलेला आहे, आणि माहीत झाल्यावर राजाला त्याची लाज वाटेल. राजा स्वतः येऊन तुमचा घडा भरेल. तोवर मी इथे राहतो. त्याच्याऐवजी सैन्य आलं, तर पहिला मी तुमच्या हातात आहे."

"अमात्य!" रोहक न राहवून म्हणाला. "खिंडीची जकात तुमच्या घरात यायची ती गेली, आता जीवही घालवता?"

"जकात बसवली की वाट आपली होते आणि माणसं परकी," सुनेत्र शांतपणे म्हणाला. "मला उलट हवं आहे."

एवढ्यात वरच्या कड्यावरून हाळी आली. सगळे धावत माथ्यावर गेले. उत्तरेच्या माळावर धूळ उठली होती. घोडेस्वार होते, पुष्कळ होते, आणि ते खिंडीकडे येत नव्हते. डोंगराला वळसा घालून ओढ्याच्या पात्रातून एक घोडवाट खाली जाई, ती त्यांनी धरली होती. डोंगरातल्या माणसांना त्यांचे काहीच भय नव्हते. इतक्या उंचावर कोण घोडे घालतो? ती वाट जात होती थेट शमीग्रामला.

माथ्यावर लाकडांची मोठी रास रचलेली होती. तिच्यावर पाला आणि गवत. मागचा कातळ पिढ्यांच्या काजळीने काळा झाला होता. रोहकाने त्या कातळाकडे पाहिले, मग खाली पाहिले. खाली, अगदी समोर, शमीग्रामचे खळे होते.

"हे काय आहे?" त्याने विचारले.

"आगटी," तुंगामाय म्हणाली. "खालच्या माणसास्नी सांगायची. बापजाद्यांपासनं हितं येक मानूस बसतंय. दिसा धूर, राती जाळ. आमच्या हिताला न्हवं, तुमच्या हिताला. आमास्नी कुठं घोडं भेटाया येतंया?"

डोंगरदिवा! रोहक कातळावर बसलाच. त्याने जन्मभर ज्याला हात जोडले तो देव नव्हता. थंडीवाऱ्यात आळीपाळीने जागणारी ही माणसे होती, आणि तो यांच्या झऱ्याचा ठाव घेत आला होता.

"मग पेटवा ना! खाली माझी आई आहे!"

कुणी हलले नाही. तुंगामायच्या डोळ्यांत पाणी आले होते. "उपड्या घड्याखाली आगटी पेटत न्हाई, लेकरा. आमच्या थोरल्यांनी बांधलेला नेम हाय. ज्येच्याशी शेजार मोडला, त्येच्या घरात आपण बोलत न्हाई. म्या येकली मोडीन, तर उद्या समदेच नेम मोडतील."

"घडा सुलटा करायला काय लागतं, माय?" सुनेत्राने विचारले.

"खालच्या घरातलं कायबी. मूठभर का हुईना, पन खालच्या मातीत पिकल्यालं, आन्‌ मनापासनं दिल्यालं."

सुनेत्राने रोहकाकडे पाहिले. रोहकाचा हात कमरेकडे गेला आणि थांबला.

"आधी एक सांगतो," तो म्हणाला. "मी पाहुणा म्हणून आलो नाही. तुमच्या वाटा हेरायला आलो. सैन्य कुठून चढवायचं, ते बघायला."

"त्ये ठावं हाय," तुंगामाय म्हणाली. "पाव्हणा घरातल्या मानसांकडं बघतो. तू आल्यापासनं नुस्ता कडीकोयंडा बघतुयास. दे आता काय द्यायचं त्ये."

घडा बांबूवरून उतरवून आणला. रोहकाने थैली सोडली आणि आईने भरलेल्या लाह्या त्यात ओतल्या. घड्याच्या मानाने त्या किती थोड्या होत्या! तळही नीट झाकला गेला नाही. पण तुंगामायने आत हात घालून त्यातली एक लाही तोंडात टाकली, आणि तिने मान हलवताच चार जणांनी राशीला आग लावली.

पाला ओला होता. पांढरा धूर आधी जमिनीलगत घोटाळला आणि मग सरळ वर चढला. रोहक कड्यावर उभा राहून खाली पाहत होता. पहिल्यांदा काहीच हलले नाही. मग खळ्यावरचे ठिपके थांबले. मग ते धावू लागले. गुरे निघाली, माणसे निघाली, एक रांग नदीकडे वळली. यातला आपली आई कोणती, हे इतक्या वरून कळणे शक्य नव्हते. पण सर्वांत शेवटी, सगळ्यांच्या मागून चाललेला एक ठिपका होता आणि त्याच्या हातात सुपासारखे काहीतरी होते. रोहक रडला. सेनापतीने रडावे की नाही, हा विचार त्याला शिवलाही नाही. लुटारू आले तेव्हा गावात कोंबडेसुद्धा उरले नव्हते. दाणागोटा काही नेला, पण माणूस एकही हाती लागला नाही. ते आल्या वाटेने परत गेले.

रोहकाने वळून हात जोडले. या वेळी माथ्याला नाही, त्या चौघांना, ज्यांचे हात काजळीने माखले होते. ते बिचारे अवघडून एकमेकांकडे पाहू लागले. त्यांना कुणी कधी नमस्कार केला नव्हता.

सुनेत्र डोंगरावरच राहिला. रोहक खाली उतरला तेव्हा त्याच्या थैलीत मधाच्या पोळ्याचा एक मोठा तुकडा पानात गुंडाळून ठेवला होता. आई बेटावरून परतून खळ्यावरचा विस्कटलेला भात गोळा करीत होती.

"देवानं वाचवलं रे," ती म्हणाली. "डोंगरदिवा लागला."

"देव नव्हे, आई. माणसं आहेत तिथं," रोहक म्हणाला आणि त्याने सगळे सांगितले. घडा घासून पाठवला तेव्हा आपण गप्प बसलो, तेही सांगितले.

म्हातारीने हातातले सूप खाली ठेवले. मग म्हणाली, "मग तर जास्तच आलं की अंगावर. देवाला नारळ पुरतो. माणसाला तोंड दाखवावं लागतं."

रोहक राजासमोर उभा राहिला तेव्हा त्याने वाटांचा, झऱ्यांचा एक शब्द काढला नाही. त्याने घड्याची हकीकत सांगितली, आगटीची सांगितली, आणि अमात्य ओलीस राहिला आहे हे सांगितले. राजाचा चेहरा आधी लाल झाला.

"म्हणजे आता आम्ही डोंगराला कर द्यायचा?" तो म्हणाला.

"नाही, महाराज. भांडं भरून द्यायचं," रोहक म्हणाला. "ज्या सीमेवर आपण कधी चौकी बसवली नाही, ती आजवर सुरक्षित राहिली. आपल्याला वाटलं, आपला दरारा आहे. तो दरारा नव्हता. तिथं कुणीतरी जागत होतं. आपण मोठे झालो ते त्यांच्या जागरणावर. आणि गरज सरल्यावर आपण वैद्यालाच मारायला निघालो होतो."

उदयसेन उठून खिडकीपाशी गेला. तो नीटनेटका माणूस होता. चूक कुठे झाली हे एकदा दिसले की ती तशीच ठेवणे त्याला जमत नसे. "आजोबांच्या घरात चूल पेटत नव्हती," तो स्वतःशीच म्हणाला. "हे मला कुणी सांगितलंच नाही." मग तो वळला. "मी विचारलंही नाही म्हणा."

राजा वेतसगिरीवर चढला तो पायी, डोक्यावर नव्या तांदळाचा हारा घेऊन. सैन्य नव्हते. पण तो एकटाही नव्हता, कारण शमीग्राममधून अख्खे गाव त्याच्या मागे निघाले होते. कुणाच्या हातात वाटी, कुणाच्या हातात टोपली, रोहकाच्या आईच्या हातात सूप. ज्यांना द्यायला फार नव्हते त्यांनी ओंजळीत मीठ घेतले होते आणि चढणीवर घामाने ते विरघळू नये म्हणून ती माणसे हात उंच धरून चालत होती.

खिंडीतले धोंडे डोंगरातल्या माणसांनी आधीच बाजूला सारले होते. सुनेत्र तुंगामायच्या शेजारी उभा होता. राजाने हारा घड्यात रिता केला. तळाशी रोहकाच्या लाह्या होत्या, त्या त्याने काढू दिल्या नाहीत.

"माय," राजा म्हणाला, "इतकी वर्षं तुम्ही जागलात. आम्हांला कधी सांगितलं का नाही?"

"शेजाऱ्याला काय सांगायचं?" तुंगामाय म्हणाली. "धूर दिसत व्हता की." आणि या वेळी तिने पाण्याबरोबर गूळ दिला.

खिंडीवर जकात बसली नाही. सुनेत्राने ती मागितली नाही आणि राजाने पुन्हा देऊ केली नाही. शेजारच्या राजांना आधी वाटले, उदयसेन मऊ पडला. पुढे वाटा निर्धास्त झालेल्या पाहून त्यांनीही आपापल्या भांड्यांची आठवण काढली. डोंगरावर आगटीपाशी बसणाऱ्यांना आता शमीग्रामचे दोन जण सोबतीला असत. रोहक सेनापतिपद सोडल्यावर म्हातारपणी तिथेच जाऊन बसे. म्हणे, पन्नास वर्षे खालून पाहिले, आता वरून पाहतो.

पुढे अनेक जन्मांनंतर बोधिसत्त्व भिक्षूंचे शास्ते, म्हणजे गुरू, झाले तेव्हा त्यांनी ही कथा एका मोठ्या, भरभराटीला आलेल्या विहारातल्या भिक्षूंना सांगितली. इथे आजारपण आले तेव्हा शेजारच्या लहान विहाराने ज्या पात्रातून पेज पाठवली, ते पात्र वप्रक नावाच्या भिक्षूने घासूनपुसून रिकामे परत धाडले होते, आणि दोन्ही विहारांचे बोलणे बंद झाले होते. कथा संपल्यावर शास्ते म्हणाले, "तेव्हाचा राजा उदयसेन म्हणजे या विहाराचे आजचे प्रमुख, स्थविर. तुंगामाय म्हणजे त्या लहान विहारातली ज्येष्ठ भिक्षुणी, थेरी सुमेधिनी, जिने ती पेज रांधली. रोहकाची आई म्हणजे रोज तुमच्या दाराशी भात आणणारी ती म्हातारी उपासिका. अमात्य सुनेत्र तो मीच होतो. आणि सेनापती रोहक..."

पण वप्रक तोवर उठला होता. त्याने आपल्या भिक्षेतला भात एका पात्रात घातला, दोन्ही हातांनी ते उचलले आणि तो शेजारच्या विहाराची वाट चालू लागला. शास्ते त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे प्रसन्नपणे पाहत राहिले.

"याच गुणाला कृतज्ञता म्हणतात," ते म्हणाले.